काबूलला नेलेला राजा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही पहिल्या अफगाण युद्धावर एक टिपण छापले होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८३९ मध्ये दोस्त महंमद खान याला हुसकावून शाह शुजा या पदच्युत राजाला काबूलच्या गादीवर पुन्हा बसवले आणि अडीच वर्षांच्या आत काबूलमधली इंग्रजी फौज परतीच्या वाटेवर कापली गेली, एवढीच हकीकत त्यात होती. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्न दोन ओळींत मिटण्यासारखे नव्हते.

प्रश्न : अफगाणिस्तान हे साम्राज्यांचे कबरस्तान आहे, असे नेहमी वाचनात येते. इंग्रज, रशियन आणि अमेरिकन हे तिघेही तेथून हात हलवत परतले. तेव्हा तेथे पाऊल टाकणारे साम्राज्य बुडते, असा नियमच मानावा काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वाक्य टाळ्या घेणारे आहे, पण तारखा त्याला साथ देत नाहीत. जानेवारी १८४२ मध्ये इंग्रजांची काबूलमधील फौज नष्ट झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याच इंग्रजांनी नानकिंगच्या तहाने चीनकडून हाँगकाँग घेतले, पुढच्या वर्षी सिंध गिळला आणि १८४९ मध्ये पंजाब. म्हणजे ज्याचे कबरस्तान म्हणून काबूलकडे बोट दाखवले जाते, ते साम्राज्य काबूलनंतर आणखी शंभर वर्षे नांदले. दुसऱ्या अफगाण युद्धातही जुलै १८८० मध्ये मैवंद येथे त्यांचा सडकून पराभव झाला. त्या दिवशी मुंबई फौजेच्या दोन देशी पलटणी, ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स, गोऱ्या पलटणीसह मैदानात होत्या आणि अडीच हजारांच्या ब्रिगेडमधील नऊशेहून अधिक माणसे तेथे पडली. तरीही अफगाणिस्तानचे परराष्ट्र व्यवहार पुढे १९१९ पर्यंत इंग्रजांच्याच मुठीत राहिले.

शिवाय ज्या भूमीला आपण कबरस्तान म्हणतो ती साम्राज्यांची जन्मभूमीही आहे. गझनी आणि घोर येथील सत्ता तेथूनच उठल्या, अहमदशाह अब्दालीचे दुराणी राज्य तेथेच उभे राहिले, आणि काबूल हाती आल्यावरच बाबराला हिंदुस्थान दिसू लागला. त्याची कबर काबूलमध्ये आहे खरी, पण त्याचे साम्राज्य काही तेथे पुरले गेले नाही.

सोव्हिएत फौजा १५ फेब्रुवारी १९८९ रोजी अफगाणिस्तानातून बाहेर पडल्या आणि डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, म्हणून या दोन घटना एकाच दोऱ्यात ओवल्या जातात. युद्धाने त्या राज्याची उरलीसुरली पत घालवली, हे मान्य करायला हवे. परंतु रिकामी दुकाने, तेलाच्या उतरलेल्या किमती आणि बाल्टिकपासून कॉकेशसपर्यंत डोके वर काढणारे राष्ट्रवाद यांचा हिशेब काबूलच्या खात्यावर मांडता येत नाही.

पराभव आणि अस्त यांचे नाते पाहायचे असेल तर मी काबूलपेक्षा सुएझकडे बोट दाखवीन. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी २६ जुलै १९५६ रोजी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी आतून संगनमत करून ऑक्टोबरच्या अखेरीस इजिप्तविरुद्ध मोहीम उघडली. रणांगणावर ब्रिटनची सरशीच होती. त्याचे पंचवीस सैनिकही कामी आले नाहीत. पण पौंड घसरू लागला, डॉलरची गंगाजळी आटू लागली, नाणेनिधीकडून मदत मिळू देण्यास अमेरिकेने साफ नकार दिला आणि ६ नोव्हेंबरला लढाई थांबवावी लागली. डिसेंबर सरण्यापूर्वी फौजा परत फिरल्या आणि जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला. १८४२ मध्ये सोळा हजार माणसे गमावूनही न डळमळलेल्या सत्तेला ११४ वर्षांनंतर एका बँकेच्या खिडकीने परत पाठवले. पहिल्या खेपेस तिच्या पाठीशी हिंदुस्थानचा शेतसारा होता, दुसऱ्या खेपेस तो नव्हता. काबूलच्या युद्धाचा मोठा भार याच मुलखाच्या महसुलावर पडला होता. दुसऱ्या अफगाण युद्धासाठी ब्रिटिश खजिन्याने ५० लाख पौंड दिले, आणि उरलेले सारे आपल्या पूर्वजांनी भरले.

प्रश्न : इंग्रजांसारखे हिशेबी लोक काबूलमध्ये एवढे कसे फसले? नेमके चुकले कोठे? (एक वाचक, लातूर)

उत्तर : त्यांचा हिशेबीपणाच त्यांना नडला, असे म्हणण्यास जागा आहे, पण त्याकडे नंतर येतो. पहिली चूक माणूस निवडण्याची होती. शाह शुजा १८०९ मध्ये गादीवरून गेला आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ तो लुधियान्यात कंपनीच्या पेन्शनवर राहत होता. कोहिनूर हिरा रणजितसिंहांनी घेतला तो याच्याकडूनच. मधल्या काळात गादी परत मिळवण्याचे त्याचे प्रयत्न फसले होते. अशा माणसाची त्याचे लोक वाट पाहत आहेत, अशी गव्हर्नर जनरल ऑकलंड यांनी समजूत करून घेतली आणि १ ऑक्टोबर १८३८ च्या सिमल्याच्या जाहीरनाम्यात तसे लिहूनही टाकले. त्यांना खरी धास्ती रशियाची होती; शुजा हे निमित्त होते.

मोहीम निघाली ती वऱ्हाड निघावे तशी. सिंधूकाठच्या या फौजेबरोबर बाजारबुणगेच अडतीस हजार होते आणि उंट तीस हजार. एका पलटणीच्या चिरुटांसाठी म्हणे दोन उंट लागत. कंदाहार एप्रिल १८३९ मध्ये पडले, २३ जुलैला सुरुंगाने दरवाजा उडवून गझनी घेतली आणि ७ ऑगस्टला शुजा काबूलमध्ये शिरला. त्याचे स्वागत करायला गर्दी होती, पण जयजयकार नव्हता. दोस्त महंमद पुढच्या वर्षी स्वतःहून शरण आला आणि त्याला हिंदुस्थानात पाठवण्यात आले. काम फत्ते झाले होते, आणि परतण्याची वेळ होती ती हीच. परंतु फौज काढली तर शुजा एक दिवस टिकणार नाही, हे इंग्रज वकील मॅक्नॉटन यांना ठाऊक होते, आणि फौज ठेवली तर तो इंग्रजांचा बाहुला ठरून अधिकच नकोसा होणार, हे काबूलच्या बाजारात कोणालाही ठाऊक होते. हा पेच पुढच्या जवळजवळ दोनशे वर्षांत तेथे कोणालाही सोडवता आलेला नाही.

आता हिशेबाची गोष्ट. काबूल ते जलालाबाद ही वाट अरुंद खिंडींतून जाते आणि त्या खिंडी पूर्वेकडील गिलझाई टोळ्यांच्या ताब्यात होत्या. वाट मोकळी ठेवण्याबद्दल त्यांच्या सरदारांना ठरावीक वार्षिक तनखा मिळत असे. ही चाल इंग्रजांच्या कितीतरी आधीपासूनची. खर्च कमी करा, असे वरून टुमणे लागल्यावर १८४१ च्या शरद ऋतूत मॅक्नॉटन यांनी तो तनखा निम्म्यावर आणला. सरदारांनी निमूटपणे ऐकून घेतले, घरी गेले आणि ऑक्टोबरमध्ये खिंडी बंद केल्या. लाखो पौंड ओतलेल्या मोहिमेचा परतीचा रस्ता काही हजार रुपयांच्या काटकसरीपायी गेला.

छावणीही शहराबाहेर सखल जागी, चहूकडून माऱ्यात येईल अशी. आणि धान्याचे कोठार छावणीच्या तटाबाहेर निराळ्याच गढीत. नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ती गढी हातची गेली. त्याआधी २ नोव्हेंबरला इंग्रज अधिकारी अलेक्झांडर बर्न्स यांचा त्यांच्या घरातच मुडदा पडला होता. २३ डिसेंबरला वाटाघाटी करायला गेलेले मॅक्नॉटन मारले गेले. ६ जानेवारी १८४२ रोजी सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बाजारबुणगे बर्फातून निघाले. त्यांत गोरे सैनिक जेमतेम सातशे. बाकी शिपाई, भिस्ती, मोतद्दार, स्वयंपाकी, बायका, मुले असे सारे हिंदुस्थानी. १३ जानेवारीला डॉक्टर ब्रायडन एका मरणोन्मुख घोड्यावर जलालाबादच्या तटाखाली पोहोचले. एकटे तेच वाचले, ही दंतकथा आहे. काही ओलीस राहिले, काही गुलाम म्हणून विकले गेले, आणि सप्टेंबरमध्ये इंग्रजांची नवी फौज घेऊन जनरल पोलॉक काबूलला पोहोचले तेव्हा हातापायांची बोटे हिमाने झडलेले शिपाई तेथे रस्त्यावर भीक मागत होते.

मुंबईच्या वाचकांनी कधी कुलाब्याला नेव्हीनगरच्या वाटेवरील अफगाण चर्च आतून पाहावे. या मोहिमांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले आणि १८५८ मध्ये त्याचे विधिपूर्वक उद्घाटन झाले. त्याचा मनोरा पूर्वी बंदरात येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून उपयोगी पडे. आत अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्याखाली शिपायांचा उल्लेख आहे, पण त्यांची संख्या इतकी होती की नावे नोंदवता आली नाहीत, अशा अर्थाचा. मी तो मजकूर दोनदा वाचला. भिस्ती आणि मोतद्दार त्यातही नाहीत.

राहिला शुजा. त्याला एप्रिल १८४२ मध्ये काबूलमध्येच ठार केले गेले. पोलॉक यांच्या फौजेने सूड म्हणून काबूलचा छप्परबंद मोठा बाजार जाळला आणि ती परत फिरली. ज्याला हटवण्यासाठी हा खटाटोप केला त्या दोस्त महंमदला इंग्रजांनीच सोडून दिले, आणि १८४३ पासून १८६३ पर्यंत त्याने सुखेनैव राज्य केले. आपल्याकडे याला द्राविडी प्राणायाम म्हणतात.

प्रश्न : धोका ठाऊक असूनही सरकारे परदेशात फौज का पाठवतात? त्यांना सल्लागार नसतात काय? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : सल्लागार असतात आणि बहुधा ते बरोबरही सांगतात. मार्च १९७९ मध्ये हेरातमध्ये उठाव झाला तेव्हा अफगाणिस्तानचे कम्युनिस्ट अध्यक्ष तराकी यांनी मॉस्कोकडे फौज मागितली. पंतप्रधान कोसिगिन यांच्याशी दूरध्वनीवर बोलताना त्यांनी युक्तीही सुचवली, की उझबेक आणि ताजिक सैनिकांना अफगाण गणवेश घालून पाठवा, म्हणजे कोणी ओळखणार नाही. असे झाकून राहणार नाही, दोन तासांत जगभर बोभाटा होईल, असे कोसिगिन यांनी सुनावले. पक्षाच्या पॉलिटब्यूरोत त्या दिवसांत झालेली चर्चा पुढे प्रसिद्ध झाली आहे आणि ती वाचताना थक्क व्हायला होते. गुप्तचर खात्याचे प्रमुख आंद्रोपॉव्ह आणि परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी पुढे जे जे घडले त्यातील बरेचसे तेथे आधीच बोलून दाखवले होते : आपल्याला अफगाण जनतेविरुद्ध लढावे लागेल, आक्रमक म्हणून नाव खराब होईल, अमेरिकेशी चाललेला समेट धुळीला मिळेल. फौज पाठवायची नाही, असे ठरले.

नऊ महिन्यांनी, १२ डिसेंबरला, त्याच मंडळींपैकी मूठभरांनी उलटा निर्णय घेतला. कोसिगिन त्या बैठकीला नव्हते. मधल्या काळात तराकी यांना त्यांच्याच सहकाऱ्याने, हफीजुल्ला अमीन यांनी, पदच्युत करून मारले होते आणि अमीन उद्या अमेरिकेच्या गोटात जातील, अशी शंका मॉस्कोला छळत होती. अफगाणिस्तानचे डोंगर मार्चमध्ये होते तेवढेच उंच होते, टोळ्या तेवढ्याच कडव्या होत्या, फौजेला अमू दर्या ओलांडून न्यावी लागणार होती तीही तशीच. बदलले होते ते एवढेच, की आपण हात बांधून बसलो असे दिसू नये, ही भावना आता वरचढ झाली होती. २७ डिसेंबरच्या रात्री अमीन यांना ताजबेग महालात ठार करून बबराक करमाल यांना बसवण्यात आले. अमीन स्वतः सोव्हिएत फौजेची मागणी करत होते आणि तिच्या आगमनाने ते खूशच होते, हा या प्रकरणातला विचित्र भाग आहे. सोव्हिएत सरकारच्या अधिकृत आकड्यानुसार पुढच्या नऊ वर्षांत त्यांचे सुमारे साडेचौदा हजार सैनिक मेले. अफगाण मृतांची गणती लाखांत होते आणि पन्नास लाखांच्या आसपास लोक घरदार सोडून पाकिस्तान व इराणमध्ये गेले.

परकी फौज गेल्यावर तिने बसवलेला माणूस किती टिकतो, हे आपण पत्रात विचारले आहे, ते फार नेमके आहे. शुजा तीन महिने टिकला. करमाल यांच्या जागी आलेले नजीबुल्ला तीन वर्षे टिकले, कारण मॉस्कोहून तेल, धान्य आणि दारूगोळा येत होता. तो १९९२ च्या आरंभी थांबला आणि एप्रिलमध्ये ते गेले. २०२१ मध्ये अश्रफ घनी १५ ऑगस्टला देश सोडून निघाले तेव्हा अमेरिकेचे शेवटचे विमान सुटायला अजून पंधरा दिवस होते.

प्रश्न : आपण इंग्रजांच्या आणि रशियनांच्या चुका सांगता. मराठ्यांचे पानिपत हाही दूरच्या मुलखातील लष्करी हस्तक्षेपच नव्हता काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : होता, आणि तो तसा पाहण्याचे आपण फार क्वचित मनावर घेतो. १७५२ च्या अहमदिया कराराने मराठ्यांनी दिल्लीच्या बादशाहीचे घरच्या आणि बाहेरच्या शत्रूंपासून रक्षण करण्याची हमी घेतली; मोबदल्यात ५० लाख रुपये आणि पंजाब, सिंध आदी प्रांतांच्या चौथाईचे हक्क मिळायचे होते. कागदावर तो फायद्याचा सौदा दिसतो. प्रत्यक्षात ज्या प्रांतांची चौथाई मिळणार होती त्यांवर बादशहाचाच अंमल उरला नव्हता आणि ज्या शत्रूपासून रक्षण करायचे तो अब्दाली होता. एप्रिल १७५८ मध्ये रघुनाथराव लाहोरात पोहोचले. आपण अटकेपार झेंड्यांचा अभिमान बाळगतो. पण त्या स्वारीतून खंडणीऐवजी कर्ज घेऊन दादासाहेब परतले आणि त्यावरून पुण्यात वाजले, हे शाळेत कोणी सांगत नाही. पंजाबात ठाणी ठेवायला माणसे पुरेशी नव्हती, पैसा त्याहून नव्हता. दुसऱ्याच वर्षी अब्दाली उतरला, आणि १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले.

भाऊसाहेब मार्चमध्ये पटदुराहून निघाले ते उदगीरची ताजी फत्ते गाठीशी बांधून. त्यांच्यापुढे लढण्यापेक्षा मोठा प्रश्न होता तो मित्रांचा. राजपूत घरी बसले, सुरजमल जाट दिल्लीहून निघून गेला, अयोध्येचा शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला. चौथाई आणि खंडणीच्या तगाद्याने वीस वर्षे ज्यांना पिळले ते संकटात धावून येतील, अशी आशा धरणे चूक होते. पुढे पानिपतावर रसद तुटली, गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि लढाईपूर्वीच भुकेने फौजेचा कणा मोडला. बाजारबुणगे आणि यात्रेकरू येथेही होतेच.

बंगालमधल्या स्वाऱ्यांबद्दल तर आपण बोलतही नाही. नागपूरकर भोसल्यांच्या १७४२ नंतरच्या स्वाऱ्यांची आठवण बंगालीत अंगाईगीतात राहिली आहे. मुलाला झोपवताना आई ज्या बर्गींची भीती घालते ते आपले बारगीर.

तरीही पहिल्या उत्तरात म्हटले तेच येथे लागू पडते. पानिपताने मराठी सत्ता संपली नाही. दहा वर्षांत, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि पुढच्या वर्षी शाह आलमला तख्तावर आणून बसवले. संपवले ते दुसऱ्याच गोष्टीने, आणि तेथे पुन्हा काबूलच्या शाह शुजाची आठवण होते. गादीसाठी परक्यांची संगीन मागायला आपलाच माणूस गेला. रघुनाथरावांनी ६ मार्च १७७५ रोजी सुरतेला इंग्रजांशी तह केला. त्यांना पुण्याला आणून बसवण्यासाठी मुंबईची फौज बोरघाट चढून आली तेव्हा तिच्याबरोबर एकोणीस हजार बैल होते. त्यांच्या पावलानेच ती चालू लागली. मराठ्यांनी पुढची गावे उठवली, तळेगाव जाळून रिकामे केले. शेवटी इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटल्या आणि १६ जानेवारी १७७९ रोजी वडगावला करार लिहून दिला. त्याच मोहिमेत कार्ल्याला पडलेला कॅप्टन स्ट्यूअर्ट आपल्या लोकांनी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून लक्षात ठेवला. वडगाव मावळात त्याचे थडगे आहे. शत्रूच्या शौर्याला फाकडा म्हणणारी फौज तेव्हा एकदिलाने लढत होती. तेवीस वर्षांनी रघुनाथरावांचे चिरंजीव दुसरे बाजीराव वसईला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी तैनाती फौज पदरात घेतली. तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. या खेपेस फौज पुण्यात आली ती राहण्यासाठीच.

प्रश्न : मी माजी सैनिक आहे. आपले विवेचन वाचून लष्करी हस्तक्षेप नेहमी चुकतोच असे वाटते. मग १९७१ चे काय? आणि श्रीलंकेत आमच्या माणसांनी रक्त सांडले, ते वाया गेले असे आपले म्हणणे आहे काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या प्रश्नातील दुखरी जागा मला कळते, आणि सैनिकाने बजावलेल्या कर्तव्याचा या हिशेबाशी संबंध नाही, हे प्रथम सांगतो. हस्तक्षेप नेहमी चुकतो, असे मी म्हणणार नाही. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्व पाकिस्तानातील १६२ पैकी १६० सर्वसाधारण जागा जिंकल्या होत्या. एप्रिल १९७१ पासून त्यांचे निर्वासित सरकार होते, मुक्तिवाहिनी लढत होती आणि कोट्यवधी लोकांचा कौल स्वच्छ होता. म्हणजे ढाक्यात कोणाला बसवायचे, हे दिल्लीला शोधावे लागले नाही. ३ डिसेंबरला सुरू झालेले युद्ध १६ तारखेला संपले आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय फौज ढाक्यात निरोपाचे संचलन करून परतली. तीन महिन्यांत परतणे, हे मला त्या विजयाचे सर्वांत मोठे शहाणपण वाटते. विजयी फौजेला घरी बोलावण्याचा मोह फार थोड्या राजधान्यांना होतो.

श्रीलंकेत यातले काहीच नव्हते. २९ जुलै १९८७ च्या करारावर कोलंबो आणि दिल्ली यांच्या सह्या होत्या, लढणाऱ्या वाघांची, म्हणजे एलटीटीई या तमिळ संघटनेची, नव्हती. शांतिसेना म्हणून गेलेल्या फौजेला ऑक्टोबरमध्ये त्यांच्याशीच लढावे लागले. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या तुकडीचे काय झाले, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत असेल. सिंहली लोकांना ही फौज परकी वाटत होती, तमिळांना ती आपली राहिली नाही, आणि १९८९ मध्ये अध्यक्ष झालेले प्रेमदासा तिला घालवण्यासाठी वाघांनाच हत्यारे पुरवू लागले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे बाराशे भारतीय सैनिक गेले होते. सैनिकांनी दिलेले काम केले. नेमके काम कोणते, हे त्यांना पाठवणाऱ्यांनी ठरवलेले नव्हते.

प्रश्न : गोव्याच्या मुक्तीला पोर्तुगालने आक्रमण म्हटले होते. त्यांचे साम्राज्य आमच्यामुळे बुडाले, असे वडीलधारी मंडळी सांगत. हे खरे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : गोव्यामुळे ते हादरले, बुडाले आफ्रिकेत. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत गोव्याचा प्रश्न संपला. शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांचा हुकूम गव्हर्नर जनरल वासालो ए सिल्व्हा यांनी पाळला नाही, म्हणून पणजी आणि जुन्या गोव्याच्या इमारती आज उभ्या आहेत. त्याबद्दल त्यांना मायदेशी सैन्यातून बडतर्फ करण्यात आले. गोव्यापासून धडा घेण्याऐवजी सालाझार यांनी हट्ट धरला. अंगोलात त्याच वर्षी लढाई पेटली होती, १९६३ मध्ये गिनीत आणि १९६४ मध्ये मोझांबिकमध्ये पेटली. युरोपातल्या एका गरीब, लहान देशाने तीन आघाड्यांवर तेरा वर्षे युद्ध चालवले. सक्तीची लष्करी नोकरी टाळण्यासाठी तरुण फ्रान्सला पळू लागले. अखेर त्या युद्धांत थकलेल्या मधल्या फळीच्या अधिकाऱ्यांनीच २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये राजवट उलथली. वर्षअखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले आणि वासालो ए सिल्व्हा यांची प्रतिष्ठा त्यांना परत मिळाली. युद्धाने साम्राज्य बुडवल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडत नाही, आणि तेथे एकही मोठी लढाई हरलेली नव्हती.

प्रश्न : इंग्रजांनी सोमनाथचे दरवाजे अफगाणिस्तानातून परत आणले, असे ऐकले आहे. ते आता कोठे आहेत? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : ऑकलंड यांच्यानंतर आलेले गव्हर्नर जनरल एलनबरो यांना काबूलच्या नामुष्कीनंतर काहीतरी विजयाचे चिन्ह हवे होते. गझनीला महमुदाच्या कबरीवर असलेले लाकडी दरवाजे त्यांनी जनरल नॉट यांच्याकरवी उचलून आणवले आणि नोव्हेंबर १८४२ मध्ये जाहीरनामा काढला, की आठशे वर्षांपूर्वीच्या अपमानाचा सूड उगवला. त्यावर पार्लमेंटमध्ये मेकॉले यांनी त्यांची यथेच्छ खिल्ली उडवली. सोमनाथचे दरवाजे चंदनाचे असल्याची आख्यायिका होती; हे दरवाजे तपासल्यावर देवदारचे निघाले आणि त्यांवरची नक्षी गुजरातची नव्हती. ते पुढे सोमनाथला गेलेच नाहीत. आग्र्याच्या किल्ल्यात एका खोलीत अजून उभे आहेत.